तिसऱ्या मजल्यावरची सलूनवाली

शिवानी घाग लांज्याहून कल्याणला आली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रॉली बॅग होती, आईने दिलेला आमसुलांचा डबा होता आणि कुत्र्यांचे केस कापण्याचा तीन महिन्यांचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट होतं. नोकरी चटकन मिळाली. कल्याण पश्चिमेला कुत्र्यांचं एक सलून होतं. तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायची, ब्लोअरने वाळवायचं, जटा सोडवायच्या, नखं कापायची आणि जाताना प्रत्येकाला एक बिस्कीट द्यायचं. काम तिच्या मनासारखं होतं. राहायला जागा तेवढी मिळेना.

डोंबिवलीतल्या पहिल्या मालकिणीने तिच्या कुर्त्यावरचा एक पांढरा केस चिमटीत धरून विचारलं, "हा कोणाचा?" शिवानीने खरं ते सांगितलं आणि दोन मिनिटांत ती जिन्यावर होती. दुसरीने "आमच्याकडे देवाचं असतं हो" असं म्हणून हात जोडले. तिसरी नुसती दारात उभी राहून सलग अकरा वेळा शिंकली. म्हणून शहाडला चौथ्या ठिकाणी जाताना शिवानीने ठरवलं, विचारतील तेवढंच सांगायचं.

शहाडचं हे ठिकाण म्हणजे 'गोदा निवास'. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची चार मजली इमारत. जमीन परशुराम आणि गोदाबाई या नवराबायकोची. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती, आता भाडेकरू होते. शेती गेली तरी परशुरामकाकांनी एक बैल मात्र ठेवला होता. तळमजल्यावर मोटारींसाठी जी जागा सोडलेली, तिथे तो बांधलेला असायचा. त्याचं नाव मॅनेजर. स्वतः काडीचं काम करत नाही, नुसता डोळे वटारून बघतो आणि चार माणसं त्याच्यासाठी धावपळ करतात, म्हणून हे नाव काकांनीच ठेवलेलं. त्याच्या शिंगांच्या बरोबर वर भिंतीवर पाटी होती : 'इमारतीत प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे.'

गोदाकाकू बैलाशेजारी खुर्ची टाकून मुलाखत घ्यायच्या.

"काय काम करतंस गो?"

"सलूनमध्ये आहे काकू."

काकूंनी मान वर केली. "बायकांच्या का पुरषांच्या?"

शिवानी गडबडली. पण प्रश्नाचं खरं उत्तर तिच्याकडे होतं. "दोन्ही येतात. नर... म्हणजे दोन्ही येतात. पण मालक बरोबर असतात त्यांचे."

"मालकांबरूबर येतात?" काकूंचा चेहरा खुलला. नवऱ्याला घेऊन पार्लरला जाणाऱ्या बायका म्हणजे चांगल्या घरच्या बायका. "मंग काय हरकत नाय. तिसऱ्या मजल्याव कॉट रिकामी हाय. सकाली पानी सा ते सात. मासली आवरते ना?"

"हो."

"झालं तर."

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन कॉट होत्या, एक आरसा होता आणि एकच प्लग होता. त्या एका प्लगवर तीन मोबाईल, एक इस्त्री, एक पाणी तापवायची कांडी आणि डास मारायचं मशीन यांचा संसार चालायचा. कोणाची पाळी कधी, हे आसावरीने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. आसावरी विठ्ठलवाडीला चष्म्याच्या दुकानात होती. माणूस खोलीत शिरला की ती आधी त्याचा नंबर सांगायची. दुसरी संचिता. ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि उत्तरं मोठ्याने पाठ करायची. त्यामुळे पहिल्याच सकाळी शिवानीला जाग आली ती "क ही ख ची आत्या, ख हा ग चा साला, तर ग चा क शी संबंध काय" या आवाजाने.

"काय संबंध?" शिवानीने अंथरुणातूनच विचारलं.

"त्यांचं बोलणं बंद आहे," आसावरी ब्रश करता करता म्हणाली. "तू बादली भर आधी. सात वाजतायत."

या दोघींना शिवानीने आठवड्याभरात खरं सांगून टाकलं. संचिता घाबरून म्हणाली, "काकूंना कळलं तर?" आसावरी म्हणाली, "कळेल कसं? तू कधी कोणाला भुंकून दाखवणार आहेस का?" आणि विषय तिथेच संपला. शिवानी कपडे दाराबाहेर झटकून मगच आत यायची. मॅनेजर तिच्या वासाने सुरुवातीला फुरफुरायचा, मग तोही सरावला.

चार महिने बरे गेले. मग काकूंच्या मुलाचं, मयूरचं लग्न ठरलं. नवरी करिश्मा टिटवाळ्याची. हळद बुधवारी, लग्न गुरुवारी. आठवडाभर आधी बेंजोवाले ठरले, मंडप पडला, मॅनेजरसाठी झूल शिवून आली. आणि हळदीच्या दोन दिवस आधी, सोमवारी, गोदाकाकूंनी मोबाईलमध्ये एक व्हिडिओ बघितला.

व्हिडिओतल्या बाईने मेंदीत अंडं, केळं आणि मध घालून केसांना लावलं होतं आणि तिचे केस पाण्यासारखे झाले होते. काकूंनी तेच केलं. फक्त मध नव्हता म्हणून गूळ घातला आणि अर्ध्या तासाने धुवायचं ते चार तास मांडववाल्याशी भांडण्यात गेले.

सोमवार शिवानीच्या आणि आसावरीच्याही सुट्टीचा. शिवानी कॉटवर पडून आमसूल चोखत होती. दार धाडकन उघडलं आणि गोदाकाकू आत आल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"शिवानी, दार लाव गो. कोनाला सांगू नको." त्यांनी टॉवेल काढला.

शिवानीने खूप बघितलं होतं. पावसाळाभर न विंचरलेला पूडल बघितला होता. डांबरात लोळून आलेला लॅब्रेडोर बघितला होता. पण असं डोकं बघितलं नव्हतं. केसांची एकच अखंड वीट झाली होती आणि तिला एका बाजूने केळ्याचा तुकडा लटकत होता.

"काकू, मी त्यातली नाही हो," शिवानी म्हणाली. "आमचं सलून वेगळं असतं. मी काय सांगत होते..."

"मना काय ठावं नाय! परवा हलद हाय. मी नवऱ्याची आय. सगला गाव येनार. तुना येतं का नाय, तेवरं सांग."

येत तर होतंच. महाराष्ट्रात जटा सोडवायचं जे काही थोडं शिक्षण मिळतं, ते शिवानीने घेतलेलं होतं. तिने आसावरीकडे बघितलं. आसावरीने खांदे उडवले. संचिताने पुस्तक तोंडावर धरलं.

शिवानीने कॉटखालून ब्लोअर आणि कामाची बॅग ओढली. आतून गुंता सोडवायचा स्प्रे काढला, ओट्सचा शॅम्पू काढला, नवीकोरी स्टीलची फणी होती ती उकळत्या पाण्यात टाकली. तिन्हींवर कुत्र्याचं चित्र होतं, तेवढ्या भागाला आसावरीने पटापट चिकटपट्टी लावली. मग शिवानीने काकूंना मोरीजवळ स्टुलावर बसवलं आणि एप्रन चढवला. एप्रन चढवला की शिवानीचे हात आपोआप चालायचे. अडचण अशी की तोंडही आपोआप चालायचं.

"शाब्बास. हलायचं नाही हं. कित्ती शहाणं बाळ. मान खाली. खाली. गुड!"

"काय म्हनलीस?"

"काही नाही काकू. मान खाली."

पाऊण तास ती एक एक बट सोडवत होती. मधूनमधून कानामागे हळूच खाजवत होती, कारण तिथे खाजवलं की कुत्री शांत होतात. काकूही शांत झाल्या. इतक्या, की ब्लोअर सुरू होईपर्यंत त्या घोरायला लागल्या होत्या. शिवानीने ओघात त्यांची नखंही कापली. हात घट्ट धरून, कटकट कटकट, दहाच्या दहा. आणि सगळं झाल्यावर, सवयीने, एप्रनच्या खिशात हात घालून काकूंच्या तोंडासमोर एक बिस्कीट धरलं.

हाडाच्या आकाराचं.

आसावरीच्या हातातला कप खाली पडला. पण काकूंनी अर्धवट झोपेत बिस्कीट घेतलं, कुरुम कुरुम खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. पन बरं लागतं."

मग त्यांनी आरसा बघितला. आणि बराच वेळ बघत राहिल्या. केस तांबूस काळे, मऊ, चमकदार, खांद्यावरून असे उतरलेले की जसे कोणी दुसऱ्याच बाईचे आणून लावलेत. काकूंनी मान डावीकडे झटकली, उजवीकडे झटकली. साठीच्या बाईने आरशासमोर इतक्या वेळा मान झटकलेली त्या खोलीने आधी बघितलेली नव्हती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुज्या हातान जादू हाय."

गुपित ठेवा म्हणणाऱ्या काकूंनीच ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं. मंगळवारी शिवानी कामावरून परतली तर जिन्यावर नऊ बायका बसल्या होत्या. काकूंच्या दोघी जावा, नात्यातल्या कोणीकोणी, आणि ऐंशीच्या रंगूआजी, ज्यांच्या डोक्यावर मोजून पन्नासेक केस असतील.

"मी थकलेय हो," शिवानी म्हणाली.

"मयूरच्या हलदीला आमी काय अशाच येऊ?" एक जाऊ म्हणाली. "आनि ते बिस्कुट पन देतेस ना?"

शिवानीने आसावरीला कोपऱ्यात घेतलं. "मी सांगून टाकते सगळं."

"आत्ता? नऊ जणींना? जिन्यात?" आसावरी म्हणाली. "परवा लग्न उरकू दे. मग सांग. मी रांग लावते."

आसावरीने खरंच नंबर दिले. संचिता अभ्यास सोडून पाणी तापवायला बसली. एकेक बाई स्टुलावर बसली, शाबासकी घेऊन उठली, बिस्कीट खाऊन खाली गेली. रंगूआजींनी दोनदा रांग लावली. दुसऱ्यांदा केसांना हात लावू न देता म्हणाल्या, "मना निस्तं बिस्कुट दे."

बुधवारी संध्याकाळी हळद. अंगणात मंडप, बेंजोचा दणदणाट, मोठ्या टोपात मटण शिजतंय, मधोमध पाटावर मयूर पिवळाधमक बसलेला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्या दहा बायकांचे केस दिव्यांखाली लखलखतायत. गोदाकाकू मान झटकत सगळ्यांचं स्वागत करत होत्या. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय लावतेस गो?" आणि काकू गर्वाने कोपऱ्यातल्या शिवानीकडे बोट दाखवायच्या. शिवानी लाजून मटणाच्या टोपामागे सरकायची.

एवढ्यात परशुरामकाकांची बहीण आली. मालनआत्या. खडकपाड्याला टॉवरमध्ये राहणारी, गॉगल लावणारी, काखेत एक पांढरंशुभ्र कुत्रं घेऊन फिरणारी. कुत्र्याचं नाव लाडू.

शिवानीने लाडूला बघितलं. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनची वेळ लाडूची असायची. ती टोपामागे खाली बसली.

पण लाडूला डोळ्यांची गरज नव्हती. त्याने हवेत नाक वर केलं, आत्याच्या काखेतून उडी मारली आणि बेंजोवाल्यांच्या पायांमधून, मयूरच्या मांडीवरून, हळदीच्या वाटीत एक पाय बुडवून थेट टोपामागे शिवानीसमोर जाऊन बसला. उजवा पंजा वर केला. बिस्किटासाठी.

"अगं बाई!" मालनआत्याने गॉगल वर केला. "ही तर आमच्या लाडूची पार्लरवाली! तू इथे कशी?"

बेंजो थांबला. कोणी थांबवला नाही, वाजवणाऱ्यालाच पुढचं ऐकायचं होतं.

लाडूचं काम मात्र अजून संपलं नव्हतं. हवेत त्याला आपल्याच शॅम्पूचा वास दहा दिशांनी येत होता. तो एकेका बाईपाशी गेला, पदर हुंगला, ओळख पटल्यासारखं शेपूट हलवलं आणि पुढे गेला. गोदाकाकू खाली वाकून त्याला हाकलायला लागल्या तर त्याने त्यांची खांद्यावरून आलेली बट चाटली. प्रेमाने, मुळापासून टोकापर्यंत.

काकू सरळ झाल्या. "शिवानी. इकरं ये."

शिवानी आली. मागून आसावरी आली आणि तिच्या मागे लपत संचिता.

"ह्यो साबन कुत्र्यांचा?"

"हो काकू."

"आनि ती फनी?"

"फणी नवीन होती काकू. आईशप्पथ. उकळून घेतलेली."

पुढचा प्रश्न सगळ्याच बायकांच्या तोंडावर आला होता, पण विचारायची हिंमत कोणाला होईना. शेवटी काकूंनीच विचारला. "बिस्कुट?"

शिवानीने मान खाली घातली. एका जावेने तोंडाला पदर लावला. मग खुर्चीतून रंगूआजींचा आवाज आला.

"मना पचली बाय. सकाली पोट पन साफ झालं."

आधी मयूर हसला. त्याच्या गालावरची वाळलेली हळद तडकली. मग बेंजोवाला हसला, मग परशुरामकाका हसता हसता मंडपाच्या बांबूला धरून खाली बसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लाडूला उचललं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग आपल्या केसांवरून फिरवला, पुन्हा लाडूवरून फिरवला.

"मालन," त्या म्हणाल्या, "दर म्हैन्याला याला असं करतंस?"

"दोनदा," मालनआत्या म्हणाली.

"आनि मी साठ वरसं खोबरेल घासत बसले." काकू शिवानीकडे वळल्या. सगळ्यांना वाटलं आता कानाखाली बसते. "खोटं कशाला बोललीस गो?"

"मी खोटं नव्हते बोलले. मी सलूनच म्हणालेले. तुम्ही बायकांचं समजलात."

"मालक बरूबर येतात म्हनलीस!"

"येतातच की! हे काय, मालनआत्या येतातच ना!"

आता काकूंनाही हसू आवरेना. ओठ दाबून त्या म्हणाल्या, "थांब, शिक्षा देते. उद्या वरातीला मॅनेजर फुरं चालनार हाय. सकाली त्याला पन कर. शिंगांपासून शेपटीपरयंत."

बैल धुण्याचा कोर्स शिवानीने केलेला नव्हता. गुरुवारी सकाळी सहाला, पाणी आल्या आल्या, ती शॅम्पूचा पाच लिटरचा कॅन घेऊन तळमजल्यावर उतरली. संचिताने बादल्या ओढल्या, आसावरीने तिसऱ्या मजल्यापासून वायरी जोडत जोडत ब्लोअर खाली आणला, म्हणजे खोलीतल्या एकुलत्या एका प्लगची पाळी त्या दिवशी मॅनेजरची होती. मॅनेजरने शॅम्पूला नापसंती दाखवली, कंडिशनर लावताना संचिताला शेपटीचा फटका दिला. पण गरम ब्लोअर मानेवर आला आणि त्याचे डोळे मिटले. पुढचे पाय हळूहळू वाकले. तासाभराने तिथे जो बैल उभा होता त्याच्याकडे बघून परशुरामकाका म्हणाले, "ह्यो आपला नाय. बदलून आनला कोनी."

वरात दुपारी निघाली. निघाली म्हणजे निघायची होती. झूल घातली, घुंगरं बांधली, बेंजो वाजला, फटाके झाले, पण मॅनेजर जागचा हलेना. परशुरामकाकांनी चुचकारलं, मयूरने फेटा सावरत ढकललं, चार पुतण्यांनी जोर लावला. मॅनेजर मान लांब करून जिन्याकडे बघत उभा.

"काय पायजे याला?" काका ओरडले.

शिवानीला ते डोळे ओळखीचे होते. शनिवारी दुपारी सलूनमधून घरी न्यायला आलेल्या मालकासमोर फतकल मारून बसणाऱ्यांचे असेच असतात. "ब्लोअर पाहिजे," ती म्हणाली.

मग शहाडच्या रस्त्याने ती वरात गेली. पुढे बेंजो, मागे जनरेटरची गाडी, गाडीतून आलेली लांब वायर, वायरीच्या टोकाला ब्लोअर, ब्लोअर हातात धरून, जरीचा पदर खोचून उलटी चालणारी शिवानी, आणि तिच्या मागे वाऱ्यावर आयाळ असल्यासारखा डुलत येणारा मॅनेजर. वायर अडकली की मॅनेजर थांबायचा, मॅनेजर थांबला की नवरदेव थांबायचा. मुहूर्त टळला. टिटवाळ्याच्या हॉलबाहेर ताटकळलेल्या करिश्माने पहिला प्रश्न नवऱ्याला नाही, शिवानीला विचारला. "ताई, मलाही करून द्याल का?"

त्यानंतर गोदा निवासात काय काय बदललं ते थोडक्यात सांगायचं तर तिसऱ्या मजल्याला दुसरा प्लग मिळाला. काकूंनी सोमवारी रांग लावायला सक्त मनाई केली, स्वतःचा अपवाद ठेवून. शिवानीने त्यांना माणसांचा शॅम्पू आणून दिला तर त्यांनी वास घेऊन बाजूला ठेवला. "ह्यो पानचट हाय," म्हणाल्या. शिवानी कपडे झटकायचं विसरू लागली आणि कोणी काही म्हटलं नाही. संचिता परीक्षा पास झाली, पण खोली सोडली नाही. बँकेत गेल्यावरसुद्धा तिला सवयीने सकाळी क आणि ख आठवत राहिले.

दिवाळीत शिवानीला गावी जाता आलं नाही. सणाआधी सगळ्या कुत्र्यांना चकचकीत व्हायचं असतं. मग तिची आईच लांज्याहून आली, फराळाचे डबे घेऊन. काकूंनी तिला वर जाऊच दिलं नाही, अंगणात चटई टाकली. आई बोलत होती तिच्या गावच्या बोलीत, काकू आपल्या. अर्ध्याहून जास्त शब्द दोघींच्या डोक्यावरून जात असावेत. तरी तीन तास झाले, चार कप चहा झाला, चकल्यांचा डबा निम्मा झाला, दोघी थांबेनात.

शिवानी कामावरून आली तेव्हा त्या दोघी टाळ्या देऊन हसत होत्या.

"काय चाललंय आई?"

"काय माहीत बाय," आई डोळे पुसत म्हणाली. "पण बाईमाणूस झ्याक आहे. बस, चकली खा."